झडीच्या दिवशी खामगावचा बाजार

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला ‘तुम्ही कुठले?’ असं विचारलं, तर गावाच्या नावाआधी उत्तर येतं ‘घाटावरचे’ किंवा ‘घाटाखालचे’. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग पाडले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा हे सहा तालुके घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, संग्रामपूर आणि जळगाव जामोद हे सात घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. पावसाळ्यात घाटावर धुकं उतरतं आणि ज्ञानगंगा अभयारण्यातून जाणारा बोथ्याचा रस्ता हिरवागार होतो. घाटाखालची जमीन काळी, भारी. तिथे दोन दिवस संततधार लागली की वावरात पाय घालायची सोय उरत नाही.

अशी झड लागली की डवरणी थांबते, निंदण थांबतं, फवारणी थांबते. हाताला काम नाही म्हटल्यावर माणसं तालुक्याच्या गावाला निघतात. कृषी केंद्र, बँक, दवाखाना, सराफ, मुलांच्या वह्या-पुस्तकं, सगळी खोळंबलेली कामं त्या दिवशी निघतात. त्यामुळे घाटाखालची गावं ओळखायची असतील तर झडीचा दिवस उत्तम, असं माझं मत आहे. गेल्या पावसाळ्यात माझी मुंबईची मैत्रीण आली, तेव्हा तिला मी म्हणूनच खामगावला नेलं.

तिचा मूळ बेत लोणारचा होता. उल्कापाताने बसॉल्टमध्ये पडलेलं ते जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं विवर पाहायची तिची फार दिवसांची इच्छा. पण झडीत विवरात उतरणाऱ्या पायवाटा निसरड्या होतात. लोणार उघडिपीवर ठेवलं. तिच्या भाचीच्या बारशासाठी चांदीचे वाळे घ्यायचेच होते, आणि चांदी म्हटलं की आमच्या जिल्ह्यात खामगावचंच नाव निघतं. ‘दिवसभर पाऊस आहे, तिथे एखादा मॉल आहे का गं?’ तिने विचारलं. मुंबईत पावसाच्या सुट्टीत ती मुलांना घेऊन मॉलमध्ये जाते. तिथेच खरेदी, तिथेच गेम झोन, तिथेच जेवण. मुंबई-पुण्याच्या तोडीचा मॉल आमच्याकडे नाही. ‘मॉल नाही, पण बाजार आहे. चल, दिवस कसा जातो ते बघ,’ मी म्हटलं.

मुंबईहून रात्री निघालेल्या गाडीने ती पहाटे शेगावला उतरली. शेगाव म्हणजे गजानन महाराजांचं गाव. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी महाराज इथे प्रथम दिसले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीच्या दिवशी, त्यांनी समाधी घेतली. मंदिरातली शिस्त, स्वच्छता आणि पांढऱ्या पोशाखातल्या सेवेकऱ्यांचं ‘माउली, पुढे चला’ हे मऊ बोलणं यांची ख्याती साऱ्या महाराष्ट्रात आहे. दर्शन झाल्यावर स्टेशनाजवळ कचोरी खाल्ली. मैद्याची खुसखुशीत पारी, आत तिखट मसालेदार सारण आणि सोबत मीठ लावून तळलेली हिरवी मिरची. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी या स्टेशनावर ती विकायला सुरुवात केली. आज शेगावची कचोरी गाडीतल्या प्रवाशांबरोबर नागपूर-मुंबईपर्यंत पोचते.

शेगाव ते खामगाव रस्त्याने सोळा-सतरा किलोमीटर. एसटीने अर्ध्या तासात पोचता येतं. पण वेळ हाताशी असेल तर रेल्वेने जावं. मुख्य मार्गावर शेगावच्या अलीकडचं, मुंबईच्या दिशेचं स्टेशन जलंब. तिथे उतरून खामगावची शटल धरायची. गाड्या मोजक्याच आहेत, तेव्हा वेळ आधी विचारून घ्यावी. जलंबच्या फलाटावर पावसाची सर अंगावर घेत आम्ही डब्यात चढलो. डब्यात शाळा-कॉलेजची मुलं, घोंगडी पांघरलेले दोन म्हातारे आणि मांडीवर दुधाची कॅन घेतलेला एक तरुण. खिडकीबाहेर कपाशी गुडघ्याला लागलेली, मधूनमधून तुरीच्या ओळी, आणि पलीकडे सोयाबीन. सरीसरीत पाणी उभं होतं.

हा जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा आहे, पण त्यामागे मोठा इतिहास आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा तिथला कापूस अडला. लँकेशायरच्या गिरणीमालकांची नजर वऱ्हाडाकडे वळली. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचं होतं, पण १८५३च्या तहापासून कारभार इंग्रजांकडे होता. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली. तिचा मार्ग खामगावला बगल देऊन जलंबवरून गेला होता. खामगाव तेव्हा वऱ्हाडातली कापसाची मोठी पेठ. हा बाजार मुख्य मार्गाला जोडण्यासाठी स्वतंत्र फाटा टाकला गेला आणि १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला खामगावात आला. त्याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर १८६९मध्ये, सुएझ कालवा खुला झाला होता. म्हणजे आमच्या काळ्या मातीतलं बोंड खामगावच्या गंजीतून निघायचं, जलंबवरून मुंबई बंदर गाठायचं आणि सुएझमार्गे थेट युरोपला जायचं. रॅली आणि फोलकार्टसारख्या परदेशी कापूस कंपन्यांनी वऱ्हाडात ठाण मांडलं. इथल्या शेतकऱ्याच्या कापसाचा भाव लिव्हरपूलला ठरू लागला. तिकडे भाव पडला की इकडच्या घरात चूल मंद व्हायची. ते नातं आजही तुटलेलं नाही, फक्त परदेशातल्या बाजारांची नावं बदलली.

मैत्रीण हे सगळं फार लक्ष देऊन ऐकत होती. तिचे वडील लोअर परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. ‘बाबा म्हणायचे, वऱ्हाडी कापसाची गाठ फोडली की आत पऱ्हाटीचा पाला निघायचा. लहानपणी वऱ्हाड म्हणजे एवढंच मला माहीत होतं,’ ती म्हणाली. गाडी खामगावात शिरली तेव्हा ती दारात उभी राहून जुनी गोदामं शोधत होती.

पावसाळ्यात कापसाचा हंगाम नसतो. वेचणी दसऱ्याच्या आसपास सुरू होते. पहिल्या वेचणीच्या वेळी बायका वावरात सीतादही करतात, कपाशीच्या झाडाला दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग बोंडांना हात लावतात. त्यानंतर जिनिंगची चक्रं फिरायला लागतात. एक क्विंटल कापसातून साधारण पस्तीस किलोच्या आतबाहेर रुई निघते, बाकीची सरकी. रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात. सरकीतून तेल निघतं आणि उरलेली ढेप जनावरांना घालतात. आम्ही गेलो तेव्हा एका जिनाचं फाटक लोटलेलं होतं आणि आतल्या अंगणात पाणी साचलं होतं. चौकीदाराने छत्रीखालूनच सांगितलं, ‘आता काय पायता ताई, दिवाईनंतर या. मंग पाय ठेवाले जागा नसते.’

कापसाच्या बाजाराला नियम लावण्याची सुरुवातही वऱ्हाडातच झाली. १८८६ साली आता वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजाचा बाजार नियंत्रित झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचं मूळ तिथे आहे. उघड लिलाव, खरं वजनमाप आणि ठरलेली अडत या गोष्टी कागदावर यायला शेतकऱ्याला पिढ्या लागल्या. त्या अजूनही सगळीकडे नीट पाळल्या जाव्यात म्हणून जागं राहावं लागतं.

स्टेशनातून बाहेर पडून आम्ही मेन रोडला आलो. पाऊस थांबलेला नव्हता. खामगावच्या जुन्या पेठेत चालताना छत्री फारशी उघडावी लागली नाही. दुकानांपुढे पत्र्याच्या पडव्या आणि ताडपत्र्या होत्या, आणि एका दुकानाची पडवी संपते तिथे दुसऱ्याची सुरू होत होती. कापडवाला पायरीवरच्या गिऱ्हाइकाला ‘आत या, भिजाल’ म्हणून हाक देत होता, मग घेणार असो वा नसो. भांड्यांच्या दुकानासमोर पितळी घागरींवर पागोळ्या वाजत होत्या. कृषी केंद्रासमोर युरियाची चौकशी करणाऱ्यांची रांग होती. चहाच्या गाडीभोवती मोठ्यांचा घोळका जमला होता. त्यांच्या बोलण्यात अळी, भाव आणि मुलीचं लग्न हे तीनच विषय फिरून फिरून येत होते.

गिऱ्हाइकाच्या डोक्यावर छप्पर धरणं ही बाजाराची जुनी जबाबदारी आहे. मुंबईत हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर, १८९६च्या नियमाने इमारतींच्या तळमजल्याला कमानींचे सलग पदपथ ठेवायला लावले. त्यामुळे फ्लोरा फाउंटनपासून बोरीबंदरापर्यंत माणूस पावसात फारसा न भिजता दुकानं बघत जाऊ शकतो. खामगावची रेल्वे आली त्याच सुमारास, १८६९ साली, क्रॉफर्ड मार्केट बांधून झालं. भाजी, फळं, मटण सगळं एका छपराखाली. पुढे १९५६ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यात व्हिक्टर ग्रुएन या वास्तुकाराने साउथडेल सेंटर बांधलं. तिथला हिवाळा कडक. म्हणून पूर्ण बंदिस्त, आत हवामान राखलेलं, मध्ये मोठा चौक असलेलं हे बाजारघर उभं राहिलं. आजच्या मॉलचा हा मूळपुरुष. युरोपातल्या गावचौकासारखी माणसं तिथे भेटावीत, बोलावीत, असं ग्रुएनच्या मनात होतं. भोवती पसरलेले मोटारतळ आणि नुसती दुकानदारी पाहून पुढे तो स्वतःच या प्रकारावर नाराज झाला.

खामगावातही आता काचेचे दर्शनी भाग असलेली कॉम्प्लेक्स उभी राहिली आहेत. खाली मोबाइल आणि तयार कपडे, वर क्लासेस, जिम, दवाखाने. त्यातल्याच एकाच्या वरच्या मजल्यावर आम्हाला छोटा गेम झोन सापडला. कार्डात पैसे भरायचे आणि यंत्रावर टेकवायचं. मोटारीच्या शर्यतीच्या दोन खुर्च्या, बास्केटबॉलची जाळी, लहानांसाठी उड्या मारायची जागा आणि मधोमध एअर हॉकीचं टेबल. मैत्रिणीने त्या टेबलाशीच मला उभं केलं. टेबलाच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रं असतात आणि खालच्या पंख्याची हवा त्यांतून वर येते. त्या हवेच्या पातळ थरावर चकती तरंगते, घर्षण जवळजवळ नाहीसं होतं, म्हणून हलक्या टोल्यालाही ती सपकन पलीकडे जाते. शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलांनी आमचा डाव रंगात आलेला पाहून टाळ्या वाजवल्या. पाठीवर दप्तर आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली अशी खेड्यांतून आलेली ती मुलं होती. परतीची एसटी यायला अवकाश होता.

मुलांना अशी जागा हवीच. आधी हे खेळ बघायला अकोल्याला किंवा जळगावला जावं लागे. पण मुलांना गेम झोनमध्ये नेताना एक काळजी पालकांनी घ्यायलाच हवी. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या एका गेम झोनला आग लागून पंचवीसहून अधिक जीव गेले, त्यात लहान मुलं होती. आत शिरल्यावर बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे, तो मोकळा आहे का, आग विझवण्याची नळकांडी भिंतीवर आहेत का, हे आधी बघावं आणि मगच मुलाच्या हाती कार्ड द्यावं. चालकाला विचारायला संकोच करू नये.

दुपारी जेवण झाल्यावर आम्ही सराफ्यात शिरलो. खामगावला रजतनगरी म्हणतात. इथल्या चांदीच्या शुद्धतेचा आणि घडणीचा लौकिक फार जुना आहे. देवघरातली निरांजनं, समया, तबकं आणि करंड्यांपासून देवळांची चांदीची दारं, मखरं, पालख्यांवरचा पत्रा इथपर्यंत कामं इथे होतात आणि राज्याबाहेर जातात. कापसाच्या पेठेत चांदी फुलावी हे साहजिकच होतं. कापूस विकला की शेतकऱ्याच्या हातात वर्षाचा पैसा एकदम येई. बँक दूर आणि सोनं आवाक्याबाहेर. मग कारभारणीच्या पायात तोरड्या, लेकीला पैंजण, नातवाला करदोडा. अंगावर दागिना आणि अडीनडीला पैसा.

जुन्या पद्धतीच्या एका दुकानात आम्ही गादीवर बसलो. पांढरी चादर, मागे तक्क्या, पुढ्यात काचेच्या पेटीत तराजू. मालकांनी आधी पाणी दिलं, मग काय हवं ते विचारलं. वाळ्यांचे जोड एकेक करून लाल कापडावर मांडले. इथे वजन अजून भारात बोलतात. व्यवहारात एक भार म्हणजे दहा ग्रॅम. शुद्धतेला टंच म्हणतात. शुद्ध चांदी फार मऊ, तिचा रोजच्या वापराचा दागिना टिकत नाही, म्हणून तिच्यात थोडं तांबं घालतात. हजारात ९२५ भाग चांदी असेल तर ती ९२५ची. पूर्वी टंच कसोटीच्या काळ्या दगडावर रेघ ओढून, तिला तेजाब लावून, नजरेने ठरवत. आता क्ष-किरणांवर चालणारं यंत्र काही क्षणांत प्रत्येक धातूचं प्रमाण दाखवतं.

‘तान्ह्या बाळाचे वाळे साधे घ्या ताई,’ मालक म्हणाले. ‘घुंगरू बारीक असतात, बाळ पाय तोंडात घालतं. कडी तोंडाशी उघडी ठेवतो, पाय वाढला की हाताने सैल करता येते.’ मैत्रिणीने गुळगुळीत, टोकांना छोट्या गोळ्या असलेला जोड निवडला. मालकांनी पावतीवर चार गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या. वजन, टंच, त्या दिवसाचा भाव आणि घडणावळ. खाली तीन टक्के जीएसटी. चांदी घेणाऱ्या प्रत्येकाने पावती अशीच मागावी. चांदीचा भाव किलोला लाखाच्या पुढे गेला आहे, त्यामुळे टंचातला थोडा फरकही आता महागात पडतो. मोड घालायची वेळ आली की हीच पावती उपयोगी पडते.

आमची पावती होत होती तेव्हा एक जोडपं येऊन पायरीशी थांबलं. ‘वर बसा, वर बसा,’ म्हणून मालकांनी त्यांना गादीवर घेतलं. बाईंनी ओच्यातून रुमालाची गाठ काढली. आत जुन्या, जाड तोरड्या होत्या, कड्या झिजून चपट्या झालेल्या. ‘खताले पैसे पायजेत,’ त्या एवढंच म्हणाल्या. मालकांनी तोरड्या तराजूत ठेवल्या आणि तराजूचा आकडा दोघांना दिसेल असा फिरवला. टंच काढला, घट किती धरली ते सांगितलं आणि आकडा कागदावर लिहून दाखवला. नवरा कागदाकडे बघत राहिला. बाईंनी नोटा मोजल्या, ओच्यात खोचल्या आणि उठताना म्हणाल्या, ‘कापूस घरात आला का याहून भारी घेईन.’ मालक म्हणाले, ‘या. मी डिझाइन ध्यानात ठेवतो.’

नंतर मालकांनी सांगितलं की पेरणीपासून पोळ्यापर्यंत दुकानात मोड जास्त येते आणि दिवाळीनंतर खरेदी. पाऊस कसा झाला हे त्यांना तराजूवर कळतं. पेरणी उलटली, दुबार पेरणी करावी लागली, तर मोडीचं प्रमाण वाढतं. नोव्हेंबरात गर्दी झाली तर समजावं पीक साधलं. चांदी ही इथल्या घराची शिल्लक आहे आणि ती बाईच्या पायात असते. नड आली की आधी तिचाच दागिना उतरतो आणि पीक आलं की शेवटी तिच्या दागिन्याचा विचार होतो. हे बदलायला हवं, असं आम्हा दोघींनाही तिथे बसल्या बसल्या फार वाटलं. दागिना गहाण टाकायची वेळ आली तरी परवानाधारक सावकाराकडेच टाकावा आणि पावती घ्यावी. २०१४ सालच्या सावकारी कायद्याने कर्जदाराला हे संरक्षण दिलं आहे, पण गावोगाव ते पुरतं माहीत नाही.

मालकांच्या ओळखीने आम्ही मागच्या गल्लीत एका कारागिराच्या खोलीत गेलो. खोली लहान, दाराशी उजेडाला धरून बैठक. काकांनी जुनी चांदी मुशीत घातली, वर टाकणखाराची चिमूट टाकली आणि गॅसची ज्योत धरली. चांदी वितळायला ९६२ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. आधी ती लाल झाली, मग कडा सुटल्या आणि पाहता पाहता मुशीत पाऱ्यासारखा झळझळीत गोळा फिरू लागला. टाकणखार मळ ओढून घेतो, म्हणून वरचा पापुद्रा बाजूला होतो. काकांनी मूस चिमट्यात धरून लोखंडी साच्यात एका धारेने रिकामी केली. कांडी थंड झाल्यावर ती ऐरणीवर ठोकली, पुन्हा तापवली, पुन्हा ठोकली. ठोकल्याने चांदी कडक होते आणि तडकण्याची भीती असते, तापवली की ती परत नरम पडते. मग भोकं पाडलेल्या पोलादी पट्टीतून तार ओढायला घेतली. मोठ्या भोकातून लहान भोकात, दर वेळी थोडी बारीक.

बोलता बोलता त्यांनी चांदी जपायच्या युक्त्याही सांगितल्या. हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते आणि दमट हवेत ते लवकर होतं, म्हणून पावसाळ्यात दागिने कोरड्या मऊ कापडात गुंडाळून घट्ट डब्यात ठेवावेत. रबर बँड कधी लावू नये, रबरात गंधक असतं. काळेपणा आला तर रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशने घासावं. ‘तुमची पोरं हे काम शिकतात का काका?’ मैत्रिणीने विचारलं. ‘एक शिकला. दुसरा पुण्याले कंपनीत हाय,’ ते म्हणाले आणि तार पुन्हा पट्टीत घातली. यंत्राच्या ठशावर निघणारा हलका माल आता दूरदूरच्या शहरांतून स्वस्तात येतो. हाताच्या घडणीला मागणी टिकली तर ती देवळांच्या कामांमुळे आणि थोड्या जाणत्या गिऱ्हाइकांमुळे टिकेल. आपण घडणावळ देताना कुरकुर करतो, तेव्हा ही खोली, ही ज्योत आणि हे बसून बसून आखडलेले गुडघे ध्यानात ठेवावेत.

संध्याकाळी स्टेशनावर चहा घेताना मैत्रीण आपल्या मुंबईबद्दल बोलली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला तेव्हा ती शाळेत होती. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तिच्या वडिलांना पुन्हा साच्यावर उभं राहता आलं नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा वाटा मोकळी जागा आणि घरं यांसाठी ठरला होता. २००१च्या बदलाने तो फार आक्रसला आणि गिरणगावात मनोरे व मॉल उभे राहिले. १९०५ साली सुरू झालेल्या फिनिक्स मिलच्या आवारात आज मोठा मॉल आहे. गिरणीची चिमणी तिथे अजून उभी आहे आणि पावसाळ्याच्या सुट्टीत मुंबईची मुलं त्या आवारात खेळायला जातात. १९९९ साली मुंबईत ताडदेवला क्रॉसरोड्स हा मॉल उघडला, तेव्हा गर्दी आवरायला आत जाणाऱ्याकडे मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड मागत, नाहीतर साठ रुपये. ‘बाबांकडे यातलं काहीच नव्हतं,’ ती म्हणाली. ‘आज त्या बाईंना दुकानदाराने वर बसवलं ना, ते मी मुलांना सांगणार आहे.’

मॉलविषयी माझ्या मनात अढी नाही. म्हाताऱ्यांना सरकता जिना, मुलींना स्वच्छ स्वच्छतागृह, बाळंतिणीला निवांत कोपरा या गोष्टी तिथे मिळतात, आणि त्या खामगावच्या पेठेतही मिळायला हव्यात. बायकांसाठी सार्वजनिक स्वच्छतागृहाची सोय नीट नसली की दिवसभराची बाजारहाट जाचक होते. नगरपालिका आणि व्यापारी यांनी मिळून ही सोय केली, तर दूरच्या माणसांनाही इथे दिवस घालवावासा वाटेल. पण पेठेत जे आहे तेही मोलाचं आहे. ज्याने कापूस पिकवला तो, ज्याने चांदी घडवली तो आणि ज्याने ती विकली तो, तिघेही इथे एका दिवसात भेटतात आणि तिघांशीही बोलता येतं.

खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तो मार्ग झाला तर आज जलंबहून येऊन खामगावात संपणारे रूळ घाट चढून चिखलीवरून मराठवाड्यात जातील. दीडशे वर्षांपूर्वी हे रूळ इथला कापूस बाहेर नेण्यासाठी टाकले गेले. आता त्यांनी माणसं आत आणावीत, घाटावरच्या मुलांना शिकायला आणि घाटाखालच्या कारागिरांना नवी गिऱ्हाइकं मिळवून द्यायला उपयोगी पडावं. तोवर जलंबची शटल आहे, एसटी आहे. पावसाळ्यात या, बाजार निवांत भेटतो आणि दुकानदार बोलायला मोकळा असतो. जिनिंग बघायचं असेल तर दिवाळीनंतर या. मैत्रीण नोव्हेंबरात मुलांना घेऊन येणार आहे, आणि येताना वडिलांनाही आणणार आहे. ज्या कापसावर त्यांनी उमेदीची वर्षं काढली, तो गाठ होण्याआधी कसा दिसतो हे त्यांना बघायचं आहे.